सामने लावणारे सर



आजचं व्याख्यान आपल्या सरांच्या स्मृतीचं. ते तुमचे सर. इथले निम्मे लोक त्यांच्या शिट्टीवर धावलेले आहेत. म्हणून निमंत्रण द्यायला मंडळी आली तेव्हा मी त्यांना विचारलं, सरांबद्दल मी पडेगावात येऊन काय सांगू? काशीला जाऊन गंगाजल विकू का? शेवटी वाटणी झाली. आपल्या सरांवर चर्चेच्या वेळात तुम्ही बोलायचं. मी बोलायचं दुसऱ्या एका सरांवर. त्यांचं नाव या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तरी त्यांच्याबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक आहे असं मला वाटतं. रमाकांत आचरेकर.

आचरेकर कोण? खुर्च्या संपल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पोरांना विचारलं तर एका दमात उत्तर येईल : सचिनचे गुरू. उत्तर बरोबर आहे. पण याच उत्तराशी माझं भांडण आहे, आणि आज ते भांडण तुमच्यासमोर करायचं मी ठरवून आलोय.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात सांगतो. जन्म १९३२, मालवणचा. उमेद क्रिकेटपटू होण्याची. क्लबांकडून खेळले, गिरणीच्या संघाकडून खेळले, मग स्टेट बँकेत नोकरी. प्रथम श्रेणीचा सामना म्हणाल तर आयुष्यात एक. एकच! स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादविरुद्ध, मोईन-उद-दौला स्पर्धेत, १९६३-६४ च्या हंगामात. खेळाडू म्हणून त्यांची नोंद एवढ्यावर संपते. पुढं शिकवायला लागले ते आधी माटुंग्याच्या दयानंद बालक विद्यालयात, नंतर दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात, आणि सकाळ-संध्याकाळ शिवाजी पार्कवर. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री, २ जानेवारी २०१९ ला निधन. झालं चरित्र. याच्यापेक्षा लांब चरित्र आपल्याकडे पंचायत समितीच्या सदस्याचं छापून येतं.

मग या माणसाची विद्या कोणती होती? तंत्र? ग्रिप? बॅकलिफ्ट? तंत्र शिकवणारे मुंबईत पुष्कळ होते, आणि चांगले होते. आचरेकरांची विद्या माझ्या मते वेगळी होती आणि ऐकायला अगदीच साधी वाटेल. ते सामने लावायचे.

हसू नका. सामना लावणं म्हणजे काय, हे ज्यांनी गावात कधी एक तरी सामना लावलाय त्यांना विचारा. समोरचा संघ ठरवायचा, मैदान मिळवायचं, बावीस पोरं एका वेळेला एका जागी आणायची, चेंडू आणायचे, अंपायर पकडून आणायचा, आणि ऐनवेळी कुणाची मावशी आजारी पडली तर बदली खेळाडूही आणायचा. हे सगळं एका दिवसासाठी केलं तरी माणूस थकतो. सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा असताना आचरेकरांकडे आला. त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, साठ दिवसांत, तो किती सराव सामने खेळला? पंचावन्न. आत्मचरित्रात त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. नेटमधले तास वेगळे, हे सामने वेगळे. साठ दिवसांत पंचावन्न सामने, म्हणजे ते सामने लावणारा माणूस साठ दिवस दुसरं काय करत असेल?

आणि एक सामना संपला की स्कूटर होतीच. एका मैदानावर पोरगा बाद झाला की सर त्याला मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत, तिथं पुन्हा फलंदाजी. सचिननं हे १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर, निवृत्तीच्या भाषणात, सगळ्या जगासमोर सांगितलं. त्या भाषणातलं लोकांना जे आठवतं ते वेगळंच : एकोणतीस वर्षांत सर मला कधीही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. लोकांना तो कठोरपणा आवडतो. मला स्कूटर आवडते. कौतुक न करणारे वडीलधारे आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यात नवल काय? दुसऱ्याच्या पोराला फलंदाजी मिळावी म्हणून भर उन्हात मैदानं पालथी घालणारा माणूस किती जणांनी पाहिलाय?

आता नाण्याची गोष्ट. ती तुम्हाला माहीत आहे, पण मला ती जरा जवळून दाखवायची आहे. दिवसभराचा सामना झालेला. संध्याकाळचा नेट झालेला. पोरगा पुरता दमलेला. अशा वेळी शेवटच्या पंधराएक मिनिटांसाठी सर मधल्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो गोलंदाज बाद करील त्याचं नाणं. कुणीच बाद करू शकला नाही तर नाणं फलंदाजाचं. आणि क्षेत्ररक्षण कुणाचं? मैदानावर असतील तेवढ्या सगळ्यांचं! अकराची मर्यादा नाही. चेंडू हवेत उडाला की कुणाच्या ना कुणाच्या हातात जाणारच. तेव्हा करायचं काय? चेंडू जमिनीलगत ठेवायचा. ‘खाली खेळ, खाली खेळ’ असं शंभर वेळा ओरडून जे पोराच्या डोक्यात शिरत नाही ते एका रुपयात शिरलं. पुन्हा एक बघा. गोलंदाजांनाही तो रुपया हवा होता. म्हणजे दिवसअखेरीला, सगळे कंटाळलेले असताना, सरांनी त्या मैदानावर आणखी एक सामना लावला होता. सचिनकडे अशी तेरा नाणी आहेत. आणि हे संपल्यावर, पॅड-ग्लोव्हज न काढता, शिवाजी पार्कला दोन फेऱ्या.

थापडेची गोष्टही तुम्हाला ठाऊक असेल. सरांनी सचिनसाठी एक सराव सामना ठरवला होता आणि पोरगा त्या सामन्याला दांडी मारून शाळेच्या मोठ्या संघाचा अंतिम सामना बघायला वानखेडेवर गेला. तिथं सर भेटले. विचारलं, किती धावा केल्यास? पोरगा म्हणाला, आपल्या संघासाठी टाळ्या वाजवायला आलोय. कानाखाली अशी बसली की हातातला डबा उडाला आणि आतलं सगळं विखुरलं. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, असं सर त्याला म्हणाले.

ही गोष्ट सांगताना आपल्याकडचे शिक्षक एकदम खूश होतात. बघा, आमच्या वेळी मार होता म्हणून माणसं घडली! इथं मला स्पष्ट बोलू द्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा द्यायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. थापड खाऊन कायमची बॅट खाली ठेवलेल्या पोरांच्या गोष्टी कुणी भाषणात सांगत नाही, कारण ती पोरं भाषणं करत नाहीत. या गोष्टीत मला दिसतं ते असं. त्या दिवशी सचिनसाठी सरांनी चौथा क्रमांक राखून ठेवला होता. कुठंतरी एका मैदानावर एक संघ उभा होता, एक जागा रिकामी होती, ती या पोराची होती आणि पोरगा आला नव्हता. सरांचा राग तिथून आला. ज्यानं पोरासाठी कधी चौथा क्रमांक राखून ठेवला नाही, त्यानं या गोष्टीचा आधार घेऊन हात उगारू नये. घ्यायचाच तर चौथा क्रमांक घ्या.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, आणि इथं जरा रेंगाळणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. हॅरिस शील्ड म्हणजे १८९६ पासून चालत आलेली शालेय स्पर्धा. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि दोन पोरं एकत्र आली. पुढं काय झालं ते जगाला पाठ आहे. ६६४ धावांची अखंड भागीदारी, विनोद कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, शारदाश्रम २ बाद ७४८. सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव सोडा असा निरोप सहायक प्रशिक्षकांमार्फत येत होता, पोरं सीमारेषेकडे बघतच नव्हती. शेवटी डाव सोडला. त्यात कांबळीला साडेतीनशेला एक धाव कमी पडली, आणि त्यानं पुढं गोलंदाजीत ३७ धावांत सहा गडी घेऊन ती कसर काढली.

या सामन्यात तिसरा एक मुलगा होता. तो पॅड बांधून बसला होता. पुढचा क्रमांक त्याचा. ६६४ धावा होईपर्यंत तो पॅड बांधून बसला आणि डाव घोषित झाल्यावर त्यानं पॅड सोडले. अमोल मुझुमदार. तोही आचरेकरांचाच.

या मुझुमदारचं पुढं काय झालं? १९९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात, फरिदाबादला हरियाणाविरुद्ध, त्यानं २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा विश्वविक्रम, आणि तो जवळजवळ पंचवीस वर्षं टिकला. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, तीस शतकं, मुंबईचं कर्णधारपद, रणजी करंडक. आणि भारताकडून कसोटी? शून्य. एकदिवसीय? शून्य. त्याच्या काळात भारताच्या मधल्या फळीत जी माणसं बसली होती त्यांना उठवणार कोण? तो पॅड बांधून बसूनच राहिला म्हणा ना.

२०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला. भारतीय महिलांचा पहिला. तुम्ही सगळे त्या रात्री जागे होतात, मला माहीत आहे, पडेगावपासून छावणीपर्यंत फटाके वाजत होते.

मी विचारतो, आचरेकरांच्या खात्यात हा विश्वचषक कोण जमा करतं?

हेच माझं भांडण आहे. आपण गुरूचा हिशेब त्याच्या सर्वांत मोठ्या शिष्यावर मांडतो आणि वही मिटतो. असा हिशेब करायचाच तर दुसरी बाजूही मांडावी लागेल. त्याच भागीदारीतला विनोद कांबळी घ्या. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतकं, वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. सतरा कसोटी, सरासरी ५४ च्या वर. आणि शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढची त्याची परवड आपण सगळ्यांनी पाहिली. सर तेच, मैदान तेच, नाणंही तेच. मग कांबळीची कसोटी कारकीर्द तेविसाव्या वर्षी संपली याचा दोष सरांना द्यायचा? कुणी देत नाही, आणि देऊही नये. मग सचिनच्या शंभर शतकांचं सगळं श्रेय तरी त्यांना एकट्यांना कसं द्यायचं? धाकट्या भावाचा हात धरून त्याला मैदानावर आणणारा अजित तेंडुलकर आहे. पहिल्या दिवशी सचिन सरांसमोर बुजला, धड खेळेना, तेव्हा अजितनंच सरांना विनंती केली की तुम्ही गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर खरोखरच झाडाआड जाऊन उभे राहिले, आणि पोरगा मोकळा खेळला. शिवाजी पार्कजवळच्या आपल्या घरी त्याला ठेवून घेणारे काका-काकू आहेत. एका पोरामागं किती माणसं उभी असतात!

प्रशिक्षकाचं श्रेय कुठं शोधायचं, तर माझ्या मते त्याच्या शिष्यांपैकी किती जण पुन्हा मैदानावर उभे राहून दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतात, तिथं. या बाबतीत आचरेकरांच्या जवळपास कुणी पोचत नाही. नावं घेतो, तुम्ही बोटं मोजा. चंद्रकांत पंडित. प्रवीण आमरे. लालचंद राजपूत. बलविंदरसिंग संधू, ज्यानं १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रिनिजची यष्टी उडवली. रमेश पोवार. पारस म्हांब्रे. समीर दिघे. अमोल मुझुमदार. संजय बांगर. हे सगळे पुढं प्रशिक्षक झाले, कुणी राज्य संघाचे, कुणी देशाच्या संघाचे. कुणी कितीही म्हणो, हा योगायोग नाही.

जून २०२२ चा रणजी अंतिम सामना आठवा. बंगळुरू. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. मुंबईचे प्रशिक्षक कोण? मुझुमदार. मध्य प्रदेशचे? चंद्रकांत पंडित. याच मैदानावर १९९९ मध्ये पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर त्यांनी मध्य प्रदेशला पहिला रणजी करंडक मिळवून दिला, तोही मुंबईला हरवून. त्याआधी विदर्भाला लागोपाठ दोनदा जिंकवलेलं होतं. आचरेकर असते तर कुणाकडे बघून हसले असते? बहुतेक कुणाकडेच नाही. दोघांच्याही चुका काढल्या असत्या.

आता मानसन्मानाबद्दल दोन वाक्यं, जास्त नकोत. सर गेले तेव्हा पद्मश्री असूनही त्यांना शासकीय इतमामात निरोप मिळाला नाही, त्यावरून वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. सचिननं खांदा दिला. ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या दाराशी त्यांचं स्मारक उभं राहिलं, सचिन आणि कांबळी दोघंही तिथं होते. चांगलं झालं. स्मारक हवंच.

पण आपण मुंबईत नाही, पडेगावात आहोत. तेव्हा तिसरा मुद्दा आपल्या घरचा.

मघाशी मी प्रशिक्षकांच्या यादीत संजय बांगरचं नाव घेतलं. जन्म कुठला? बीडचा. २००२ मध्ये हेडिंग्लेला हिरव्या खेळपट्टीवर सलामीला जाऊन २३६ चेंडू टिकून ६८ धावा करणारा माणूस. त्या डावात द्रविड, सचिन, गांगुली या तिघांची शतकं झाली आणि आपण एक डाव ४६ धावांनी जिंकलो, पण पाया कुणी घातला हे जाणकार विसरलेले नाहीत. आपल्याच शहरातला इक्बाल सिद्दिकी २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. आणि परवाचा सचिन धस, पुन्हा बीडचा. वडिलांनी नाव तेंडुलकरवरून ठेवलेलं. २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ अशी गत झालेली असताना त्यानं ९६ धावा केल्या आणि आपण अंतिम फेरीत गेलो. तेव्हा मराठवाड्याच्या मातीत काही कमी आहे असं कुणी म्हणू नये.

कमी काय आहे? सामने. मुंबईच्या पोराला हॅरिस शील्ड आहे, तिच्या खालच्या वयाला १९०१ पासूनची जाइल्स शील्ड आहे, १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर चालणारी कांगा लीग आहे. आचरेकरांनी सामने लावले ते या पसाऱ्याच्या आधारानं, हे मान्य करू. आपलं काय? विदर्भाची वेगळी संघटना आहे, नागपूरला. आपण महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली, म्हणजे पुण्याखाली. पडेगावच्या पोराला निवड चाचणीचे वेध लागायचे तर नजर सव्वादोनशे किलोमीटरवर लावावी लागते. तिथं त्याला मिळणार दोन-चार षटकं. त्या दोन-चार षटकांसाठी आधी वर्षभरात त्यानं किती सामने खेळलेले असतात? खरे सामने, पांढरे कपडे, धावफलक, अंपायर असलेले? टेनिस बॉलचे नाहीत. टेनिस बॉलच्या स्पर्धांना आपल्याकडे तोटा नाही. नगरसेवकाच्या नावाची ट्रॉफी, रात्रीचे दिवे, डीजे, बक्षिसाला मोटारसायकल. त्यात मजा आहे, मी नाक मुरडत नाही. पण त्यातला पोरगा लाल चेंडू आत येताना सोडायचा कसा हे शिकत नाही. आणि जागेचं म्हणाल तर दौलताबाद रस्त्याला लागून जे माळ मोकळे होते त्यांच्यावर प्लॉटांच्या खुंट्या ठोकल्या जातायत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आपले सर हेच काम करत होते असं निमंत्रण द्यायला आलेल्या मंडळींनी मला सांगितलं. सामने ठरवायचे. त्यांच्यानंतर त्यांच्या नावानं व्याख्यानमाला सुरू झाली, त्याबद्दल संयोजकांचं मनापासून अभिनंदन. पण एक विचारू का? आज या हॉलचं भाडं, मंडप, साउंड, हार, शाली, माझा जायचा-यायचा खर्च, हे सगळं मिळून जेवढं होतं तेवढ्यात मे महिन्यात किती सामने लागतील? खजिनदार इथं बसलेत, त्यांनी मनातल्या मनात केव्हाच गणित केलं असेल. त्यांचा चेहरा बघून मला आकडा कळतोय.

अध्यक्षांनी चर्चेला अर्धा तास राखून ठेवला आहे. मला प्रश्न विचारू नका, सचिनवर तर अजिबात विचारू नका. सरांच्या हाताखाली खेळलेली तीस-पस्तीस माणसं मला समोर दिसतायत, त्यांनी उभं राहून एवढंच सांगावं : मॅटिंग कुणाकडे पडून आहे, रोलर कुणाच्या अंगणात आहे, सकाळी साडेसहाला मैदानाची किल्ली कोण आणणार, आणि अंपायर म्हणून कुणाला उभं करायचं. मागं भिंतीला टेकलेल्या पोरांनी तोवर कागदावर नावं लिहून द्यावीत. नाव, वय, फलंदाज की गोलंदाज. यष्टिरक्षक असेल तर त्यानं आधी यावं, यष्टिरक्षक नेहमी कमी पडतात.